हॉर्नची सरहद्द

“आपल्या लोकांना शिस्तच नाही” हे वाक्य मालाडमध्ये दिवसातून जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्या वेळा क्वचितच दुसरे कुठले उच्चारले जात असेल. मीठ चौकीच्या सिग्नलला झेब्रा पट्ट्यांवर पुढचे चाक रोवून उभा असलेला दुचाकीस्वार ते शेजारच्या रिक्षावाल्याला ऐकवतो, रिक्षावाला आरशात बघून मागच्या गिऱ्हाइकाला ऐकवतो आणि गिऱ्हाईक ते फोनवर घरी ऐकवते. बोलणाऱ्या तिघांपैकी एकानेही स्वतःला त्या लोकांत धरलेले नसते, ही गोष्ट सोडून देऊ. मुद्दा असा की या वाक्यामागे एक सिद्धांत आहे. बेशिस्त आपल्या रक्तात आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तेव्हा तिच्याबद्दल कुणी काही करू शकत नाही आणि म्हणून मी आत्ता हॉर्न वाजवला तर बिघडले काय, असा तो सिद्धांत. आरामदायक आहे, पण खोटा आहे. तो खोटा असल्याचा पुरावा दरवर्षी शेकडो मराठी कुटुंबे स्वतःच्या खर्चाने, ट्रॅव्हल बॅगा ओढत, डोंगरातल्या रस्त्याने जाऊन गोळा करून आणतात. आल्यावर मात्र ती फक्त फोटो दाखवतात.

पुरावा हिमालयाच्या पायथ्याशी आहे. पश्चिम बंगालच्या अलीपूरद्वार जिल्ह्यात जयगाव नावाचे गजबजलेले गाव आहे आणि त्याला अगदी चिकटून भूतानचे फुंटशोलिंग. मधे ड्रॅगन कोरलेली रंगीत कमान, तिचे नाव भूतान गेट. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत रस्त्याने परदेशी जाऊन येणारी आपली माणसे बागडोगऱ्याला विमानातून उतरतात किंवा हासीमारा स्टेशनवर रेल्वेतून, आणि चहाच्या मळ्यांमधून या कमानीपाशी येतात. कारणे व्यवहारी आहेत. भारतीयांना व्हिसा लागत नाही. रुपया चालतो आणि भूतानच्या नगुलट्रमची किंमत रुपयाइतकीच असल्याने खरेदी करताना मनातल्या मनात गुणाकार करावा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र पुरते. आधार कार्ड मात्र पुरत नाही, आणि ज्या कार्डावर बँकेपासून स्मशानापर्यंत सगळीकडे निभावते ते इथे परत हातात ठेवले जाते तेव्हा भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. लोकशाहीने मतदार ओळखपत्राला जी किंमत मिळवून दिली नाही ती भूतानने दिली. मतदानाची सुटी शनिवार-रविवारला जोडून माथेरानला गेलेला नागरिक फुंटशोलिंगच्या खिडकीपुढे तेच कार्ड लॅमिनेट करून, छातीशी धरून, रांगेत उभा राहतो. पोरांचे जन्माचे दाखले लागतात म्हणून लिबर्टी गार्डनजवळच्या पालिका कार्यालयाची पायरी झिजवलेली असते. शिवाय 23 सप्टेंबर 2022 पासून भारतीय पर्यटकाला माणशी प्रत्येक रात्रीचे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क म्हणून भरावे लागतात. चार मोठी माणसे सहा रात्री राहिली तर 28,800 रुपये झाले आणि त्यात अजून चहासुद्धा आलेला नाही. स्वतःची गाडी थिंफूपर्यंत न्यायची म्हटली तर तिचे रोजचे 4,500 वेगळे.

हे सगळे करून माणूस कमानीपाशी येतो. अलीकडे जयगावची मुख्य बाजारपेठ. सायकल रिक्षा, टॅक्स्या, मालाचे ट्रक, फळांच्या गाड्या, रस्त्यातच गाडी लावून समोसे घ्यायला उतरलेला मालक आणि या सगळ्यांवर एकसारखा चालू असलेला हॉर्नचा गजर. मालाडकराला इथे परके वाटायचे काही कारण नाही. दफ्तरी रोडवरची संध्याकाळ कुणी तरी उचलून बंगालात नेऊन ठेवली आहे असे त्याला वाटते. पलीकडे फुंटशोलिंग. रस्ता तोच, उकाडा तोच, दुकानांतल्या बऱ्याच वस्तूसुद्धा त्याच, कारण त्या जयगावहूनच आलेल्या असतात. पण हॉर्न नाही. पट्ट्यांवर पाऊल ठेवले की गाडी थांबते, आणि चालक हात बाहेर काढून काही बोलत नाही. पहिल्या वेळी आपला माणूस गाडी थांबलेली बघून स्वतःही थांबतो, कारण यात काही तरी डाव असणार अशी त्याची खात्री असते. दोघे एकमेकांकडे बघत राहतात. मग तो पट्ट्यांवरून पलीकडे जातो, आणि दुसऱ्या वेळेपासून पट्टे शोधून तिथूनच जाऊ लागतो. सोमवार बाजारात दोन बसगाड्यांच्या फटीतून आडवे निघण्यात ज्याचा हातखंडा, तो! शिस्त रक्तात नसती तर ती इथे कुठून आली? कमानीखालून जाताना रक्त बदलल्याचे वैद्यकशास्त्राला माहीत नाही.

कुणी म्हणेल, रस्ताच चांगला असेल. रस्ता चांगला आहेच, पण तो आपणच बांधलेला आहे. सप्टेंबर 1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा त्यांना भारतातून पारोपर्यंत नेणारा मोटारीचा रस्ताच नव्हता. ते इंदिरा गांधींसह सिक्कीममधून नथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरले आणि तिथून पुन्हा घाट चढून भूतानात शिरले, तेही घोड्यांवर आणि याकवर. एका दौऱ्यात दोन सरहद्दी, आणि रस्त्यात एकही हॉर्न नाही, कारण याकला तो बसवता येत नाही. त्यानंतर 1961 मध्ये आपल्या सीमा सडक संघटनेने ‘दंतक’ प्रकल्प उभा केला आणि भूतानचे मोठे रस्ते एकेक करून डोंगर फोडून काढले. फुंटशोलिंगहून गेडू, चुखा करत वर चढणारी आणि पारो व थिंफूच्या नद्या जिथे मिळतात त्या चुझोमपाशी फुटणारी वाट ही त्याच कामातली. तिच्यावर धावणाऱ्या गाड्यांत मारुती आणि ह्युंदाई भरपूर दिसतात, आणि त्यांतले पेट्रोल भारतातून टँकरने वर जाते. म्हणजे डांबर आपले, गाडी आपल्याकडची, इंधन आपले, आणि बहुतेक वेळा बसलेला प्रवासीही आपला. गाडीच्या स्टीअरिंगवरच्या हॉर्नच्या बटणाला तर कुठल्याच देशाचे नागरिकत्व नसते. ते दाबले की दोन्ही बाजूंना सारखेच वाजते.

यावर एक आक्षेप असा, आणि तो अगदीच फेकून देण्यासारखा नाही, की गाडी चालवणारा भूतानी असतो. सहलीला गेलेला मालाडकर मागच्या सीटवर बसून डोंगर बघतो. त्याच्या शिस्तीची परीक्षा झालीच कुठे? पण हा आक्षेप घेणाऱ्याने मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला कमी लेखले आहे. मालाडमध्ये वाहन चालते ते बरेचसे मागच्या सीटवरून. रिक्षात बसलेले गिऱ्हाईक चालकाला गल्ली सुचवते, लेन सुचवते, समोरच्याच्या कुळाचा उद्धार सुचवते आणि पाच सेकंद गाडी हलली नाही की हॉर्न सुचवते. हेच गिऱ्हाईक दोचुला खिंडीकडे चढताना पुढच्या ट्रकमागे पंधरा मिनिटे गप्प बसते. चालक ओव्हरटेक करत नाही म्हणून नाराज होत नाही, उलट “बघा, कसा सांभाळून नेतोय” असे शेजारणीला सांगते. हेच चालकाचे वागणे घोडबंदर रोडवर घडले असते तर त्याच सद्‌गृहस्थांनी त्याला बैलगाडी हाकायचा सल्ला दिला असता. शिवाय या कमानीतून केवळ पर्यटक जात नाहीत. जयगावची माणसे कामाला, सामान पोहोचवायला, पेट्रोल तिकडे स्वस्त मिळाले की टाकी भरायला पलीकडे जाऊन येतात. बंगालच्या पाटीची टॅक्सी आत गेली की निमूट होते आणि बाहेर आली की तिला कंठ फुटतो. एकाच चालकाला, एकाच दिवशी, एकाच गाडीत हे होते. भूतानची हवा अंगी लागून माणूस सुधारला म्हणावे तर परतीच्या वाटेवर कमान ओलांडताच तो सुधारणेतून बरा कसा होतो?

दुसरा आक्षेप लोकसंख्येचा. भूतान एवढासा देश, तिथे काय गर्दी आणि कसली शिस्त. हे म्हणणारा माणूस बरोबर आहे, त्याला स्वतःला वाटते त्याहूनही जास्त बरोबर आहे. 2017 च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या सव्वासात लाखांच्या घरात निघाली. 2011 च्या जनगणनेत मुंबई महापालिकेचा पी-उत्तर विभाग, म्हणजे आपले मालाड, नऊ लाखांच्या वर होते. अख्खा भूतान मालाडमध्ये मावला असता आणि कुरारपासून मालवणीपर्यंत जागा कमी पडते म्हणून कुणाला विशेष काही जाणवलेही नसते. या हिशेबाने मालाडला राजा नाही, राष्ट्रध्वज नाही आणि प्रवेशशुल्क नाही हा अन्यायच आहे. 1,200 रुपये घेतले असते तर स्टेशनबाहेरची वर्दळ निम्मी झाली असती. पण गर्दी हे शिस्त नसण्याचे कारण असेल तर काठमांडूत ते दिसायला हवे. काठमांडूचे खोरे काही रिकामे नाही, तिथल्या गल्ल्या आपल्यापेक्षा अरुंद आहेत, आणि दुचाक्यांचा लोंढा बघून बोरिवलीकरालाही घरची आठवण येते. त्या शहराने 14 एप्रिल 2017 ला, नेपाळी नववर्षाच्या पहिल्या दिवसापासून, विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी केली. आधी लोकांना सांगितले, मग दंड लावला, रुग्णवाहिका, आगीचे बंब अशी तातडीची वाहने तेवढी वगळली. शहर शांत झाले. गाड्या तेवढ्याच राहिल्या, रस्ते तेवढेच राहिले, नेपाळी माणूस रातोरात भूतानी झाला नाही. फक्त एका तारखेनंतर वाजवणारा उघडा पडू लागला.

मग तिसरा आक्षेप येतो, आणि तो नेहमी विजयी मुद्रेने येतो: “म्हणजे दंडच ना? परदेशात माणूस घाबरून वागतो. आपल्याकडे कायदा कुठे आहे?” कायदा आहे. कायद्याच्या बाबतीत आपण कधी कंजुषी केलेली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत आणि त्यांनुसार रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी हा नियम तर 1989 पासून छापील आहे, तो कसारा घाटात कुणाला तोंडी विचारून पाहावा. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 मध्ये मनाई केली. ती अक्षरे अजून इतक्या ठिकाणी दिसतात की मनाईचाच ट्रक कुठे तरी अडकला असावा. दंडाचे म्हणाल तर ई-चलानचे मेसेज मोबाइलमध्ये साठत जातात आणि लोक अदालतीत सूट मिळेल म्हणून मालक त्यांची मुदत ठेव करतो. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी तर 2019 च्या अखेरीस सीएसएमटी, हिंदमाता, पेडर रोड, वांद्रे अशा काही ठिकाणी फार सुरेख युक्ती केली होती. सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले. 85 डेसिबलच्या वर हॉर्न गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. त्याची चित्रफीत 2020 च्या जानेवारीत जगभर बघितली गेली. यादीत मालाड नव्हते, ते बरेच झाले. मीठ चौकीला ते यंत्र बसवले असते तर काही गाड्या अजून तिथेच उभ्या दिसल्या असत्या.

आणि परदेशाची भीती हेच कारण म्हणावे तर ऐझॉलचे काय करायचे? ऐझॉल भारतात आहे. मिझोरमची राजधानी, डोंगराच्या धारेवर वसलेली, रस्ते चिंचोळे आणि चढउताराचे, 2011 ची लोकसंख्या 2 लाख 93 हजार. तिथे कोंडी भरपूर होते. पण दुचाक्या एका ओळीत एकामागे एक, मोटारी दुसऱ्या ओळीत एकामागे एक, समोरून येणाऱ्यांची बाजू मोकळी आणि हॉर्न नाही. मोकळी जागा बघून ती भरून काढावी असे कुणाला वाटत नाही, हा प्रकार मालाडच्या माणसाला चित्रात बघूनही खरा वाटत नाही. तिथे राष्ट्रपती तेच, संविधान तेच, मोटार वाहन कायदाही तोच. म्हणजे सरहद्द ओलांडायची गरज नाही, पासपोर्ट नको आणि भूतानचे शुल्कही नको. (मिझोरममध्ये शिरायला बाहेरच्यांना परवाना लागतो, पण तो हॉर्नसाठी नाही.)

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. सरहद्दीपलीकडची जादू सगळ्यांवर चालत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये महाराष्ट्रातून गेलेला एक दुचाकीस्वार दोचुला खिंडीतल्या स्मारकस्तूपावर शिडी लावून चढला, वर उभा राहून फोटो काढून घेतला, आणि तो फोटो भूतानभर फिरला. समुद्रसपाटीपासून 3,100 मीटरवर, 108 स्तूपांच्या मधोमध, ढगाळ नसेल तर समोर बर्फाची शिखरे, आणि यांना उंची कमी पडली. भूतानी पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन चौकशी केली. “हेच आपले लोक” असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडते. पण जरा उलटून पाहा. एकाने हे केले म्हणून दोन देशांच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. माळशेज घाटात दर पावसाळ्यात, मनाईहुकूम लागू असताना, गाडीच्या टपावर नाचणाऱ्यांची बातमी होत नाही, झालीच तर आकड्यात होते. जिथे तो एकटा पडला तिथे तो बातमी झाला, आणि जिथे सगळेच चढतात तिथे न चढणाराच वेडा दिसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. मालाडचा माणूस शिस्त पाळत नाही कारण पाळली तर तोटा त्याचा एकट्याचा होतो. एस. व्ही. रोडवर पट्ट्यांअलीकडे गाडी थांबवणाऱ्याला पायी चालणारा दुवा देत नाही, मागचा ठोकर देतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणाऱ्याच्या त्या अंतरात दोन रिक्षा आणि एक स्कूटर घुसतात, आणि घुसताना त्याच्याकडे कीव केल्यासारखे बघतात. स्टेशनबाहेर मालवणीच्या शेअर रिक्षासाठी सरळ रांगेत उभा असलेला माणूस चौथ्या रिक्षेपर्यंत उभा असतो. फुंटशोलिंगमध्ये थांबणाऱ्याच्या मागचाही थांबलेला असतो, त्यामुळे थांबणे स्वस्त पडते. म्हणून मालाडकर सभ्य व्हायला तिथे पाच मिनिटे पुरतात आणि इथे पन्नास वर्षे पुरत नाहीत. थिंफूत तर सिग्नलच नाही. एकदा बसवला होता, लोकांना तो कोरडा वाटला म्हणून काढून टाकला, आणि चौकातल्या नक्षीदार छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस परत आला. थिंफूतही आता संध्याकाळी कोंडी होते, ते काही स्वर्गात राहत नाहीत. पण कोंडी झाली म्हणून वाजवायचे नाही एवढे सगळ्यांनी एकदम ठरवलेले आहे.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो मालाडचा माणूस खरोखर पोटतिडकीने मांडतो. तिकडे पदपथ आहेत. इथे पदपथावर कपड्यांचे दुकान, दुकानाबाहेर स्टॉल, स्टॉलपुढे दुचाकी, आणि चालणारा रस्त्यावर. पावसाळ्यात सबवे भरला की पूर्व आणि पश्चिम हे दोन वेगळे देश होतात. अशा ठिकाणी हॉर्न नाही वाजवायचा तर काय? तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर महापालिकेकडे मागायला हवे, तेही मोठ्याने. फक्त आजवर हॉर्नमुळे एखादा पदपथ रुंद झाल्याचे, हातगाडी विरघळल्याचे किंवा सबवेतले पाणी ओसरल्याचे उदाहरण मालाडमध्ये नाही. हॉर्नने व्हायचे असते तर मालाडचे रस्ते एव्हाना नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाएवढे झाले असते.

काठमांडूने एकाच शहरात, एका तारखेपासून, सगळ्यांना एकदम थांबवले. आपल्याला अख्खी मुंबई एकदम जमणार नाही. पण मार्वे रोडचा मीठ चौकी ते मार्वे किनारा एवढा तुकडा घ्यावा, नेपाळ्यांनी आपले नववर्ष निवडले तसा आपण गुढीपाडवा निवडावा, आणि पोलिसांनी, तिथल्या दुकानदारांनी, रिक्षा संघटनांनी आणि त्या रस्त्यावरच्या सोसायट्यांनी तो दिवस महिनाभर आधीपासून सांगत राहावा. एकट्यादुकट्याने गांधीगिरी करू नये, मागचा ठोकतो. सगळ्यांनी एकाच सकाळी करावे. आणि त्या सकाळपर्यंत रिक्षात मागे बसणाऱ्यांना एक विनंती. गाडी जरा थांबली की चालकाला “भैया, हॉर्न मारो ना” असे सांगू नका. त्याला हॉर्न कुठे आहे ते माहीत आहे.